आसनावर सोयाबीनचे कट्टे

महांतेश चिडका आहे, असं हरणखेडमध्ये कुणीही सांगेल. तो का चिडतो, हे मात्र कुणी सांगणार नाही, कारण त्याला चिडवणारे सगळे हेच. माणूस गाडीखाली झोपून नट आवळत असावा आणि वरून एकाने हँडल हलवून बघावं, दुसऱ्याने सीटवर बुक्की मारावी, तिसऱ्याने "हे फिरवलं तर काय होतंय रे?" म्हणत ते फिरवूनही टाकावं. संतसुद्धा पाना फेकून मारेल. महांतेशने अजून कुणाला पाना मारलेला नाही, त्याच्या सहनशक्तीचा यापेक्षा मोठा पुरावा नको.

मुरुडजवळच्या या गावात तो वाढला, लातूरला आयटीआय केलं आणि पोटासाठी थेट घाटमाथ्यावर गेला. तिथे पर्यटकांना तांबड्या मातीच्या वाटेवर चार चाकांच्या बाइक फिरवायला देणारं एक ठिकाण होतं. गिऱ्हाईक बघून गाडी नरम किंवा कडक करून देणं हे महांतेशचं काम. नवं जोडपं आलं तर एक हिशोब, ढेरपोटे शेटजी आले तर दुसरा. कोरोनात ते ठिकाण बंद पडलं. मालकाने निरोप देताना एक जुनी गाडी त्याला देऊन टाकली आणि महांतेश ती टेम्पोत घालून बायकोसह गावी परतला.

गावाने आधी गाडीकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि मग जो भेटेल त्याने एकच विचारलं, "किती कमवून आणलंस?" कुणी दारात विचारलं, कुणी चहाच्या टपरीवर. एकाने तर मयतीला गेल्यावर विचारलं. महांतेशच्या कपाळावरची आठी तेव्हापासूनची आहे.

गाडी मात्र गावाला आवडली. चार जाडजूड चाकं, मोटारसायकलसारखं हँडल, मधे खोगिरासारखी सीट आणि पुढे-मागे सामानासाठी लोखंडी जाळी. घाटमाथ्यावर तिला एटीव्ही म्हणत. हरणखेडने तिचं नाव खेकडा ठेवलं. काळ्या रानात जिथे ट्रॅक्टर रुतायचा तिथे हा खेकडा ठिबकच्या नळ्या, औषधाचा पंप आणि खताचं पोतं घेऊन खुशाल जायचा.

आता या गाडीची एक गोष्ट समजून घ्यायला हवी. तिच्या प्रत्येक चाकापाशी एक शॉकअप आहे, शॉकअपवर जाड स्प्रिंग आहे आणि स्प्रिंगच्या बुडाशी पाच खाचांची एक रिंग आहे. हुकाच्या पान्याने ही रिंग फिरवली की स्प्रिंग दाबली जाते आणि गाडी कडक होते. पहिली खाच सगळ्यात नरम, पाचवी सगळ्यात कडक. वजन जास्त असेल आणि गाडी नरम असेल तर ती मागे बसते. वजन कमी असेल आणि गाडी कडक असेल तर वाटेतला प्रत्येक दणका बसणाऱ्याच्या पाठीत जातो. म्हणून आधी वजन विचारायचं आणि मग पाना हातात घ्यायचा. एवढं साधं आहे, पण हे हरणखेडला सांगून बघा.

आपल्या मुलखात कडक म्हणजे मजबूत. नवा टेम्पो घेतला की नारळ फोडायच्या आधी लोक त्याच्या स्प्रिंगचे पाटे वाढवायला नेतात. गाडी रिकामी असताना डबा वाजल्यासारखी वाजली तरी मालक खूश असतो, की बघा, काय दणकट आहे! महांतेश हे बघून लहानपणापासून मनातल्या मनात कपाळ बडवत आला होता. पण त्याला खरा घाम फोडला तो महाराजांच्या येळवशीने.

येळवस म्हणजे वेळ अमावास्या. त्या दिवशी अख्खा लातूर जिल्हा रानात असतो. कडब्याची कोप म्हणजे खोपटं करायचं, पूजा मांडायची, मिसळ भाज्यांची भज्जी आणि बाजरीचे उंडे खायचे, ताकातली आंबील प्यायची आणि तीच आंबील उभ्या पिकावर शिंपडायची. हरणखेडच्या येळवशीला याहून एक मोठं काम असतं. गावाच्या शिवारात एका जुन्या स्वामींची समाधी आहे. त्यांचे शिष्य शिवलिंग महाराज देगलूरकडच्या मठातून दरवर्षी या दिवशी येतात आणि आपल्या गुरूच्या समाधीची पूजा करतात. डांबरी रस्ता संपतो तिथपासून समाधीपर्यंत त्यांना अड्डपालखीतून न्यायचं, असा मान आहे. ही पालखी आडवी धरून चालवतात, सगळी वाट अडवून, आणि तिला आठ खांदेकरी लागतात.

आता आठ खांदे आणायचे कुठून? जुने खांदेकरी गुडघे धरून बसलेत आणि नवे पुण्या-हैदराबादला गेलेत. मागच्या येळवशीला कसेबसे सहा जण गोळा झाले, त्यातला एक अडखळला आणि पालखी कलंडता कलंडता राहिली. त्यानंतर दिवाळीत महाराज मठाच्या पायरीवरून पडले. त्यांचा सेवेकरी फोनवर म्हणाला, "मणक्याला मार हाय. डॉक्टर म्हणायलेत, आता पाठीला दणका बसला तर पुन्हा उठून बसता यायचं न्हाई. पण महाराज ऐकंनात. समाधीला जायचंच म्हणायलेत."

गावाला पालखीच्या मानाची काळजी लागली. महांतेशला महाराजांच्या मणक्याची लागली, आणि त्याला कारण होतं. तो पाळण्यात असताना लिंगायतांच्या रीतीने त्याच्या गळ्यात लिंग बांधलं ते याच महाराजांनी. तो गाडी घेऊन परतला त्या वर्षी येळवशीला पाया पडायला वाकला, तेव्हा महाराज काय कमावलंस म्हणून विचारतील, या भीतीने त्याने मान वर केली नव्हती. महाराजांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "तम्मा, जेवलास का?" तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. देगलूरकडच्या माणसाच्या बोलण्यात असे शब्द येतातच. त्या वर्षभरात त्याला कुणी विचारलेला तो पहिला धड प्रश्न होता, आणि तेव्हापासून दर येळवशीला महाराज तोच विचारत आले. म्हणून यंदा उत्सवाच्या बैठकीत तोच उठून म्हणाला की पालखीचं आसन माझ्या गाडीवर बसवू, मी महाराजांना हळू नेतो.

इथे त्याची चूक झाली. चांगल्या हेतूने बोललेलं वाक्य बैठकीत टाकायचं नसतं, त्याचं काय होईल सांगता येत नाही.

उत्सवाचे प्रमुख ईश्वरप्पा. मुरुडला त्यांची धान्याची आडत आहे, आवाज मोंढ्यातल्या लिलावाचा आहे आणि महाराजांवरची भक्ती खरी आहे. पण भक्ती मोठ्याने केल्याशिवाय पोचत नाही, अशी त्यांची समजूत आहे. त्यांनी पहिलीच हरकत घेतली. "आसन मागच्या जाळीवर आणि तू पुढं. म्हंजे तू महाराजांकडं पाठ करून बसणार?"

"मंग काय मागं तोंड करून चालवू काका?"

यावर खरोखर चर्चा झाली. आसनच उलटं लावावं का, महांतेशने तिरकं बसावं का, गाडी मागे-मागे चालवत नेता येते का. शेवटी सटवाजी मामा बोलले. हे जुने खांदेकरी, चाळीस वर्षं पालखीची पुढची दांडी यांच्याकडे. ते म्हणाले, "आमी काय पालखीकडं तोंड करून चालायचो व्हय? पुढचा खांदेकरी पाठ करूनच चालतो की." तेव्हा कुठे तो विषय मिटला आणि महांतेशने कपाळावरचा घाम पुसला. त्याला वाटलं, संपलं.

आसन सागवानी होतं, पाठीला टेकण असलेलं. त्याने ते जाळीवर नट-बोल्टने पक्कं बसवलं, खाली जाड गादी घातली, हँडलला मोटारसायकलचा आरसा लावला, म्हणजे चालवताना महाराजांकडे लक्ष राहील. मग त्याने हुकाचा पाना काढला आणि विचारला तो साधा प्रश्न. "महाराजांचं वजन किती असंल?"

गाडी बघायला जमलेली बैठकीची सगळी मंडळी एकदम त्याच्याकडे वळली.

"काय इचारलंस?" ईश्वरप्पा म्हणाले.

"वजन. शॉकअप लावायला वजन लागतंय."

"महाराजांचं वजन? म्हशीच्या बाजारात उभा हायस का तू?"

महांतेशने सेवेकऱ्याला फोन लावला. ईश्वरप्पांनी तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि "काही न्हाई, तयारी झालीय, हेच सांगायचं होतं," म्हणून बंद केला. गुरूचं वजन विचारणं म्हणजे गुरूला काट्यावर बसवणं, आणि गुरूला काट्यावर बसवणारं गाव अशी हरणखेडची कीर्ती त्यांना नको होती.

"बरं, मंग कुणीतरी आसनावर बसा," महांतेश म्हणाला. "मी एक चक्कर मारून बगतो."

यावर तर चार-पाच जणांनी कानाला हात लावले. गुरूच्या आसनावर बसायचं? नरकात जायची एवढी घाई कुणाला आहे?

मग उपाय निघाला तो आडतीच्या डोक्यातून. माणूस चालत नाही, तर पोतं बसवा. ईश्वरप्पांनी घरून सोयाबीनचे कट्टे मागवले, पन्नास किलोचा एकेक. एक कट्टा आसनावर ठेवून त्याला भगवी शाल गुंडाळली. महांतेशने दुसरी खाच लावली, तळ्याकडे चक्कर मारून आला. गाडी छान डुलत चालली होती.

"एकच कट्टा?" ईश्वरप्पांनी विचारलं. "महाराज म्हंजे काय एका कट्ट्याचे?"

खरं तर कुणीच महाराजांना नीट बघितलेलं नव्हतं. बघितली होती ती शाल, शालीवरची शाल, मोठा फेटा, रुद्राक्षाच्या माळा आणि पायांवर वाहिलेली फुलं. पायांशिवाय कुणाची नजर वर जायची नाही. सटवाजी मामांना विचारलं, तर ते म्हणाले, "आमच्या खांद्याला तर क्विंटलभरापेक्षा कमी कधी वाटलं न्हाई." खांद्याची साक्ष मोठी. दुसरा कट्टा चढला. तो खांदा कशाचं वजन सांगत होता, पालखीच्या सागवानाचं, तिच्यावरच्या चांदीच्या पत्र्याचं की महाराजांचं, हा प्रश्न तिथल्या एकाही डोक्यात आला नाही. महांतेशच्याही नाही.

दोन कट्ट्यांनी गाडी मागे बसली. महांतेशने तिसरी खाच लावली. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं की नुसतं शरीराचं वजन धरून कसं चालेल, महाराजांच्या अंगी तेज आहे. मग तेजापोटी अर्धा कट्टा आणखी आला. महांतेशने आभाळाकडे बघितलं आणि चौथी खाच लावली.

त्यानंतरचे दिवस त्याने कसे काढले ते त्याचं त्यालाच माहीत. गाडी दारात उभी, आसनावर अडीच कट्टे शाल पांघरून बसलेले, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबून मागची जाळी दोन्ही हातांनी दाबून बघणार. "दबायलीय रे अजून. कडक कर." "दबायलाच पायजे ती!" महांतेश घरातून ओरडायचा. "दबणार न्हाई तर दणका कुठं जाणार?" पण दाबणारा पुढे गेलेला असायचा आणि त्याच्या मागून दुसरा आलेला असायचा. एक म्हातारी तर शालीतल्या कट्ट्यांना नमस्कार करून गेली.

बायको शिवकांता चुलीपाशी बसून हे सगळं बघत होती. ती एकदाच म्हणाली, "ओ, ऐकायलाव का? ह्या पोत्यांना पाठ हाय का? पोतं कुठं सांगणार हाय की मला लागायलंय म्हणून?"

"मला काय सांगायलीस? त्या गावाला सांग!"

येळवशीच्या आदल्या दिवशी सकाळी ईश्वरप्पा स्वतः आले. त्यांनी जाळी दाबली, ती बोटभर खाली गेली. "उद्या महाराज लोळले आसनावर, तर गावाची अब्रू जाईल महांतेश. तुला काय, तू जाशील पुन्हा कुठं घाटमाथ्यावर."

महांतेशच्या डोक्याची शीर तडकली. त्याने पाना घेतला, चारही रिंगा पाचव्या खाचेवर नेल्या, जोर लावून लावून नेल्या, आणि पाना खोक्यात आपटला. "घ्या! आता हत्ती बसवा!" ईश्वरप्पांनी जाळी दाबली. ती हललीसुद्धा नाही. समाधानाने मान डोलवत ते गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी डांबरी संपते तिथे गाव जमलं. हलगी वाजत होती, बाया आंबिलीची मडकी डोक्यावर घेऊन उभ्या होत्या. खेकड्याला झेंडूच्या माळा घातलेल्या, आणि पुढच्या जाळीवर शिवकांताचं आंबिलीचं मडकं दोरीने बांधलेलं, कारण मानाची आंबील पालखीच्या पुढे चालते.

मठाची गाडी आली. सेवेकरी उतरला, त्याने मागचं दार उघडलं, आत वाकला आणि महाराजांना उचलून बाहेर आणलं. झोपलेल्या लेकराला उचलतात, तसं एका हातावर पाठ आणि एका हातावर पाय. सेवेकरी काही पैलवान नव्हता.

महांतेशने मनातल्या मनात वजन केलं. ते अडीच कट्टे नव्हते. तो एक कट्टासुद्धा नव्हता.

"काका," तो ईश्वरप्पांच्या कानाशी म्हणाला, "थांबा जरा. मला पाना मारू द्या. गाडी लई कडक हाय."

"आता? हलगी वाजायलीय, लोक उभे हायत. चल, हर हर महादेव!"

गावाने महादेवाचा गजर केला आणि त्या गजरात महांतेशचं पुढचं बोलणं बुडालं. महाराजांना आसनावर बसवलं. जाळी तसूभरही खाली गेली नाही.

तो निघाला. जितकं हळू जाता येईल तितकं हळू. पण पावसाळ्यात ट्रॅक्टरने पाडलेले चाकोरे आता वाळून दगड झाले होते. पहिल्याच चाकोऱ्यात पुढचं चाक उतरलं आणि गाडीने असा धक्का दिला की मडक्यातली आंबील उसळून महांतेशच्या तोंडावर आली. लोकांना आनंद झाला. येळवशीला आंबील शिंपडली जाणं शुभच की! कुणीतरी ओरडलं, "यंदा पीक लई येणार!" महांतेशने एका हाताने डोळ्यांतलं ताक पुसलं आणि आरशात बघितलं.

महाराजांचे डोळे मिटलेले होते. ओठ घट्ट होते. दोन्ही मुठींनी आसनाच्या कडा धरल्या होत्या आणि बोटांची पेरं पांढरी पडली होती.

"महाराज ध्यानात गेले!" ईश्वरप्पा बाजूने चालता चालता हात जोडून म्हणाले. मागच्या बायांनी पदर सावरून हात जोडले.

ध्यान! महांतेशच्या तोंडून एक शिवी निघाली, ती इथे लिहिण्यासारखी नाही. दुसरा चाकोरा समोर होता. त्याने गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं.

हलगी थांबली. ईश्वरप्पा धावत पुढे आले. "काय झालं? काय करायलास? मधी पालखी थांबवायची नसती!"

महांतेशने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो उतरला, मागे गेला आणि आंबिलीने माखलेल्या तोंडाने महाराजांसमोर उभा राहिला. इतकी वर्षं तो त्यांच्या पायांशी बोलला होता. आज त्याने चेहऱ्याकडे बघितलं. "महाराज, तुमचं वजन किती हाय?"

ईश्वरप्पांनी कपाळाला हात लावला. कुणीतरी "अरे, अरे" म्हणालं. महाराजांनी डोळे उघडले, मोठा श्वास घेतला आणि म्हणाले, "अडतीस. दवाखान्यात काट्यावर बसवलं होतं. का रे?"

"गाडी सव्वाशे किलोच्या वर लावलीय."

"कुणी?"

"मी," महांतेश म्हणाला. बाकीचं सांगावंसं त्याला फार वाटलं, पण पाना त्याच्याच हाताने फिरला होता. "माझंच चुकलं. तुमाला इचारायला पायजे होतं."

"मंग आता लाव की नीट. मी कुठं पळायलोय?"

बांधावरच्या बोरीखाली घोंगडी अंथरून महाराजांना निजवलं. महांतेश गाडीखाली शिरला. एकेक रिंग उलटी फिरवत त्याने पहिल्या खाचेवर आणली, चाकांतली थोडी हवा सोडली. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या कामाला कुणी हात लावला नाही. गाव हाताची घडी घालून उभं होतं.

"झालं," तो बाहेर येऊन म्हणाला. "पण एकदा बगायला पायजे. अडतीस-चाळीस किलोचं काहीतरी बसवा."

कुणीतरी लगेच म्हणालं, "कट्टा आणू का?"

"कट्टा नको," घोंगडीवरून महाराज म्हणाले. "कट्टा काय सांगणार हाय? त्या बाईला बसवा." त्यांनी शिवकांताकडे बोट दाखवलं. शिवकांता म्हणजे काडी. लग्नात घेतलेल्या बांगड्या अजून तिच्या कोपरापर्यंत जातात.

"महाराज!" ईश्वरप्पांचा आवाज फाटला. "ते तुमचं आसन हाय! त्यावर बाईमाणूस..."

"माझं हाय न्हवं? मंग मीच सांगायलोय. बस, तंगी." तंगी म्हणजे धाकटी बहीण.

शिवकांताने नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने मान हलवली. तिने पुढच्या जाळीवरचं मडकं सोडलं, दुसरीच्या मडक्यातून आंबील घेऊन ते काठोकाठ भरलं, पदर खोचला आणि मडकं मांडीवर घेऊन ती आसनावर बसली. जाळी हळूच खाली गेली, एवढीशी. महांतेशने ते बघितलं आणि कित्येक दिवसांनी त्याच्या कपाळावरची आठी जरा सैल झाली.

तो तिला घेऊन समोरच्या चाकोऱ्यांतून गेला, वळला आणि परत आला. हात जोडावेत की नाही हे गावाला ठरवता येईना. हलगीवाल्याला मात्र सवय होती, आसन हललं की वाजवायचं. त्याने वाजवली. काही बायांनी हात जोडून टाकले. शिवकांता ताठ मानेने बसली होती आणि परत आल्यावर तिने मडकं सगळ्यांना दिसेल असं तिरपं न करता पुढे धरलं. आंबील काठाला होती तिथेच होती.

"लागलं का कुठं?" महांतेशने विचारलं.

"न्हाई. बसायला बरं वाटतंय की," ती म्हणाली आणि मग गाव बघतंय हे ध्यानात येऊन लाजून खाली उतरली.

मग महाराज बसले. समाधीपर्यंतच्या वाटेवर महांतेश रस्त्याकडे कमी आणि आरशाकडे जास्त बघत होता. महाराजांचे डोळे उघडे होते. ते आजूबाजूची ज्वारी बघत होते, करडई बघत होते, एका कोपीबाहेर भज्जीचं पातेलं हलवणाऱ्या बाईला त्यांनी हातसुद्धा केला. हात सुटे होते.

समाधीची पूजा झाली. ईश्वरप्पा पुढे आले. त्यांची टोपी हातात होती आणि आवाज कधी नव्हे इतका खाली होता. "महाराज, माफी करा. गाडीमुळं तुमाला त्रास झाला. पालखी असती तर हे झालं नसतं."

"पालखीत?" महाराज म्हणाले. "पालखीत तर दरसाली व्हायचा. पुढचे उंच, मागचे बुटके. दांडी वर-खाली व्हायची. टेकण बरोबर ह्या इथं लागायचं." त्यांनी पाठीमागे हात नेऊन जागा दाखवली. "मठात गेलो की चार-चार दिवस उठता यायचं न्हाई."

सटवाजी मामा मागे उभे होते. चाळीस वर्षं पुढची दांडी त्यांच्याकडे होती आणि त्या खांद्याचा त्यांना अभिमान होता. त्यांचा हात आपोआप खांद्यावर गेला. "मंग तुमी सांगितलं का न्हाई महाराज?" ते कसंबसं म्हणाले. "आमी पाऊल बदललं असतं. काही बी केलं असतं."

"कुणाला सांगू मामा?" महाराज म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "तुमी सगळे पाय धरून निघून जायचे. कसं हाय म्हणून इचारलं कुणी?"

सटवाजी मामांनी पटक्याच्या शेवाने डोळे पुसले. ईश्वरप्पा टोपीच्या घडीकडे बघत राहिले. मग लोक एकेक करून नैवेद्याच्या तयारीला लागले, नेहमीपेक्षा हळू आवाजात बोलत.

महांतेश महाराजांना उचलून कोपीच्या सावलीत न्यायला वाकला. त्याने पहिल्यांदाच ते वजन हातांवर घेतलं. महाराजांनी त्याच्या गालावरची वाळलेली आंबील बोटाने खरवडली आणि नेहमीसारखं विचारलं, "तम्मा, जेवलास का?"

"न्हाई," महांतेश म्हणाला. आजवर इथे बोलणं संपायचं, आणि तो पाया पडून बाजूला व्हायचा. आज तो तसाच उभा राहिला. "तुमी?"

महाराजांचं बोट त्याच्या गालावरच थांबलं.

"न्हाई रे," ते म्हणाले. "लई भूक लागलीय."